जरा सरकून घ्या

माणसानं आयुष्यात कर्ज काढावं, घर बांधावं, अगदीच खुमखुमी असेल तर एकदा निवडणुकीलाही उभं राहावं; पण स्मरणिकेच्या संपादक मंडळावर जाऊ नये. पहिल्या तिन्हींत नुसते पैसे जातात, स्मरणिकेत माणसं जातात. ज्याचं नाव राहिलं तो बोलणं सोडतो. ज्याचं नाव छापलं पण दुसऱ्याच्या खाली छापलं, तो बोलणं सोडत नाही; आणि ते अधिक वाईट.

हे सगळं ठाऊक असूनही आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. कारण साधं आहे. बैठकीत संपादक नेमायची वेळ झाली तेव्हा मी चहाचे कप उचलायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर टाळ्या वाजत होत्या.

यवतमाळ जिल्ह्याला छापील कागदाचं वेड तसं जुनंच. लोकनायक बापूजी अण्यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं ते यवतमाळातच. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं तेही इथंच. ‘त्या मांडवात मी सतरंज्या अंथरल्या होत्या’ असं सांगणारी इतकी माणसं मला भेटली आहेत, की त्या सगळ्यांनी खरंच अंथरल्या असत्या तर सतरंज्या पार वणीपर्यंत पोचल्या असत्या. अशा मुलखात स्मरणिका निघणार म्हटल्यावर लिहायचं कोण सोडतो? कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं लेख दिला. कोषाध्यक्षांनी जमाखर्च तर दिलाच, शिवाय एक कविता दिली. अध्यक्षांचं मनोगत तीन पानांचं झालं. ‘थोडक्यात आटोपतो’ हे वाक्य त्यात दोनदा होतं.

जुळणीचं काम एका पोट्ट्याकडे दिलं. त्याचे आबाजी जन्मभर कंपोझिटर होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं केसमधून एकेक खिळा उचलायचा आणि उलटी ओळ सुलटी वाचायची, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचं काय कौतुक! आमच्या देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून केसचे खण मोजता मोजता माणूस म्हातारा व्हायचा. आता ते खिळे वितळले, ट्रेडल मशीन भंगारात गेलं. घरात उरली ती एक स्टिक. आबाजी तिनं पाठ खाजवतात.

नातू इंजिनिअर झाला. कॉलेजात प्रकल्पाचा अहवाल लिहिताना तो ‘टेक्’ नावाची संगणकावरची जुळणी शिकला. स्मरणिका तो त्यातच लावणार होता. या टेक्‌चा पहिला अनुभव मला फोटोंच्या बाबतीत आला. त्यात फोटो ‘इथंच ठेव’ असं सांगता येतं; पण तो हुकूम नसतो, विनंती असते. जागा दिसली नाही की फोटो तरंगत पुढं जातो आणि जिथं बरं वाटेल तिथं टेकतो. आमच्या अध्यक्षांचा हसरा फोटो तरंगत तरंगत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या पानावर जाऊन बसला. तो तिथून हलवेपर्यंत मी प्रेसचं दार आतून लावून घेतलं होतं.

फोटोंचं निभावलं. मग एके दिवशी पोट्ट्याचा फोन आला.

“काका, फर्मा सोळा पानांचा असते. साहा फर्मे म्हणजे शहाण्णव पानं. आपला मजकूर सत्त्याण्णव पानं होऊन राह्यला.”

“किती जास्त होतोय?”

“एक ओळ.”

एका ओळीसाठी सत्त्याण्णवावं पान, त्या पानासाठी नवा फर्मा, आणि मग उरलेली पंधरा पानं कोरी. कोषाध्यक्ष जीव द्यायचे. कागद वाचावा म्हणून लेखांना स्वतंत्र पानंसुद्धा दिली नव्हती, एकापाठोपाठ एक चालू ठेवले होते. मी पोट्ट्यालाच बैठकीला बोलावलं. म्हटलं, तूच सांग यांना.

इथं धंद्यातली एक परिभाषा सांगायला हवी. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन पडली, तर इंग्रजीत तिला विडो म्हणतात, म्हणजे विधवा. परिच्छेदाची पहिली ओळ एकटीच पानाच्या तळाशी राहिली तर ती ऑर्फन, म्हणजे अनाथ. पानावर दोघींनाही थारा द्यायचा नाही, असा जुना नियम आहे. टेक्‌मध्ये तर त्यांच्यासाठी दंडाचा आकडा ठरवता येतो. १५० ठेवला तर शक्यतो टाळा. १०,००० ठेवला तर काही झालं तरी नको.

पोट्टा बैठकीत उभा राहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “पानावर एक विधवा हाये. तिले काढा लागते.”

बैठक एकदम शांत झाली. कारण ती ओळ कोणती होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऋणनिर्देशाचा शेवट होता तो : ‘आणि वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी.’ आणि पाण्याचे पेले घेऊन मावशी नेमक्या दारात उभ्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. “काढा न जी,” त्या म्हणाल्या, “माहं काय काम पुस्तकात?” आणि रिकामे पेले उचलून आत गेल्या.

पोट्ट्याचा चेहरा पडला. तो ओळीबद्दल बोलत होता हे त्यानं चार वेळा सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, आणि मग सगळ्यांना हायसं वाटलं. खुद्द मावशीच ‘काढा’ म्हणाल्या होत्या! कोषाध्यक्ष म्हणाले, एका फर्म्याचा खर्च वाचला. चिटणीस म्हणाले, तसंही त्या कुठं स्मरणिका वाचणार आहेत. अध्यक्ष मनानं मोठे. ते म्हणाले, “मावशींना आपण समारंभात साडी देऊ.” ओळीच्या बदली साडी. भाव काही वाईट नव्हता. मनोगतातून एक ओळ कमी करावी असं मात्र कुणी म्हणालं नाही. संपादक या नात्यानं मी तोंड उघडलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि मावशींनीच आणून ठेवलेलं पाणी प्यालो.

संध्याकाळी प्रेसमध्ये गेलो. ओळ काढून टाक म्हणून सांगायलाच गेलो होतो, हे कबूल करतो. पण पोट्टा दुपारपासून त्या ओळीशी झटत होता. आबाजी खुर्चीत बसून पाठ खाजवत होते.

“काहून काढता?” आबाजी म्हणाले. “ओळ बसत नसन तं काय ओळीचाच कसूर असते? वरच्याले सरकवा न जरासे!”

मग त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या काळी शेवटची ओळ बसत नसेल तर ते शेवटच्या ओळीकडे बघतच नसत. वर चढत चढत जायचे. कुठल्या परिच्छेदात शब्दांमधल्या स्पेस जाड पडल्या आहेत, कुठं ओळींमध्ये एक लेड जास्त गेली आहे, ते बोटांनी चाचपायचे. इथून केसाएवढं, तिथून केसाएवढं काढून घ्यायचे. वाचणाऱ्याला पत्ता लागत नसे आणि खालच्या ओळीला जागा होई.

नातू म्हणाला, “काका, टेक्‌ हेच करते.”

हे टेक्‌ डोनाल्ड कनूथ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी लिहिलं. १९७७ साली त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्याकडे आली. खिळ्यांची छपाई जाऊन फोटोवरून अक्षरं जुळवायचं तंत्र आलं होतं, आणि ती पानं त्यांना बघवेनात. आपण असतो तर प्रेसवाल्याला चार शब्द सुनावून मोकळे झालो असतो. या गृहस्थांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि पानं लावणारा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. अंदाज होता काही महिन्यांचा, लागली दहा वर्षं. घर बांधलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. टेक्‌मध्ये चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटांचा चेक देऊ लागले. तो चेक लोक बँकेत टाकत नसत, चौकटीत लावत. आमच्याकडे चूक दाखवणाऱ्याची चौकट वेगळ्या अर्थानं ढिली करतात.

साधा प्रोग्रॅम एका वेळी एकच ओळ बघतो. ही भरली, पुढची घ्या. शेवटी जिचं व्हायचं ते होवो. कनूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ साली मांडलेली रीत वेगळी. ती सबंध परिच्छेद एकदम नजरेपुढं घेते. शब्दांमधली प्रत्येक मोकळी जागा थोडी ताणता येते, थोडी आवळता येते. किती ताणलं यावरून प्रत्येक ओळीचा वाईटपणा मोजला जातो : शून्य म्हणजे उत्तम, १०,००० म्हणजे बघवत नाही. आणि यातली मेख अशी, की ताण दुप्पट झाला तर वाईटपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणजे एकाच ओळीवर दोन माणसांचं ओझं टाकलं तर हिशेब आठाचा. तेच ओझं दोन ओळींनी वाटून घेतलं तर एक अधिक एक, दोनाचा. यंत्राला दयामाया नाही, पण त्रैराशिक येतं. म्हणून ते ओझं वाटून टाकतं.

मला एकदम आमची एसटी आठवली. तिघांच्या बाकावर चौथा आला की कंडक्टर नीतिशास्त्रावर भाषण देत नाही. तो म्हणतो, “जरा सरकून घ्या.” प्रत्येकजण चार बोटं सरकतो, कुणाचंच फारसं बिघडत नाही आणि दारव्ह्यापर्यंत उभं राहण्यापासून एक जीव वाचतो. शकुंतला गाडी धावत होती तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत हाच न्याय चालायचा. पण या न्यायात एक पोटकलम आहे. ज्याच्या मांडीवर आधीच पोर आहे आणि पायाशी गाठोडं आहे, त्याला कुणी सरक म्हणत नाही. म्हणतात कुणाला? जो शेजारी पिशवी ठेवून ऐसपैस बसला आहे त्याला. पोट्टा म्हणाला, ओळीचंही तसंच. ज्या ओळीत एक-दोनच लांबलचक शब्द आहेत, तिच्यात मोकळ्या जागा नसतातच. ताण घेणार कोण? ताण घ्यायचा तो जिच्यात जागा आहे तिनं.

हे ऐकलं आणि मला घरी जाववेना. पानं लावण्याचा प्रश्न म्हणून जो घेऊन आलो होतो, तो भलतीकडेच निघाला.

आमच्या जिल्ह्यात पानं बसवायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. पावसाचा ताण, बोंडअळीचा ताण, कापसाच्या भावाचा ताण, सगळे एकाच ओळीवर. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. त्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वरच्या परिच्छेदांतल्या कुठल्या मोकळ्या जागा आवळल्या गेल्या म्हणाल, तर मला दिसल्या नाहीत. आणि ओळ पानाबाहेर पडली की मग तिच्यासाठी फॉर्म येतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकारी मदत ठरली ती एक लाखाची. पण आधी प्रकरण रकान्यात बसायला हवं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज कागदावरचं हवं, ते थकलेलं हवं. मेहुण्याकडून उसने घेतलेले पैसे त्या रकान्यात बसत नाहीत. बसलं तर ‘पात्र’, नाही बसलं तर ‘अपात्र’. फॉर्म भरायला तहसीलपर्यंत जी चकरा मारते, तिच्यासाठी छपाईवाल्यांनी शब्द आधीच करून ठेवला आहे.

आता आमच्याकडे तिला ‘एकल महिला’ म्हणतात. शब्द बदलला हे चांगलंच झालं. पण नुसता शब्द बदलून पानात जागा होत नाही. कुणीतरी सरकावं लागतं.

कधी कधी होतं तसं. ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून मग निमंत्रण मागं घेतलं गेलं. म्हणजे पानाच्या माथ्यावरची ओळच काढली. त्यावरून जो गदारोळ झाला तो सर्वांना आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती. एका ओळीवर अन्याय झाल्यामुळे दुसऱ्या ओळीला जागा मिळाली, हा काही सरळ न्याय नव्हे. पण जिला पानाच्या माथ्यावर थारा नाही असा नियम, ती नेमकी माथ्यावर उभी राहिली आणि पान बिघडलं नाही, एवढं यवतमाळानं पाहिलं.

आमच्या सत्त्याण्णवाव्या पानाकडे परत येतो. पोट्ट्यानं सगळे परिच्छेद तपासले, तेव्हा मनोगताच्या दुसऱ्या पानावर एक सावज सापडलं. नऊ ओळींचा परिच्छेद, आणि नववी ओळ अख्खी अडवून एकटा ‘आहे’ बसला होता. अगदी शेजारी पिशवी ठेवून! टेक्‌ला आज्ञा देता येते की हा परिच्छेद जमल्यास एका ओळीनं कमी कर. पोट्ट्यानं ती दिली. वरच्या आठ ओळी केसाएवढ्या आवळल्या, ‘आहे’ वर सरकला, पानामागून पान पुढं ओढलं गेलं आणि मावशी शहाण्णवाव्या पानावर आल्या. अध्यक्षांचा एक शब्दही गेला नाही. ‘थोडक्यात आटोपतो’ दोन्ही वेळा शाबूत.

आम्ही चहा मागवला. आबाजींनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, “मावशी मावशी काय लावलं? बाईले नाव नाई काय?”

मी पोट्ट्याकडे पाहिलं, पोट्ट्यानं माझ्याकडे. बावीस वर्षं ती बाई आमचं वाचनालय झाडत होती. पुस्तकांच्या नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, किंमत होती. हिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायला गेलो. बाईंनी झाडू बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि आधी स्वतःचं, मग यजमानांचं, मग आडनाव असं पूर्ण नाव सांगितलं. पूर्ण नाव घालताच एका ओळीच्या दोन ओळी झाल्या आणि पुन्हा सत्त्याण्णवावं पान!

आता मनोगतात सरकायला जागा नव्हती. मी ऋणनिर्देश पुन्हा वाचला. देणगीदार, सल्लागार, माजी पदाधिकारी अशी एकापुढं एक सलग नावं, आणि प्रत्येकापुढं ‘मा. श्री.’. काही ठिकाणी तर ‘मा. ना. श्री.’. मी म्हटलं, सगळ्यांची काढ. पोट्टा म्हणाला, “सगळ्याइची? अध्यक्षांची बी?” मी म्हटलं, एसटीत पास असलेल्यालाही सरकावं लागतं. नावं तशीच राहिली, फक्त त्यांच्या शेजारच्या पिशव्या उचलल्या गेल्या. सव्वा ओळ सुटली. यावेळी मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बैठक झाली असती.

स्मरणिका वेळेवर निघाली. ‘मा. श्री.’ गेल्याचं देणगीदारांच्या लक्षातही आलं नाही. अध्यक्षांच्या आलं. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. साडी मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणे दिली, हे सांगायला हवं.

समारंभानंतर आठवड्यानं बाई नातीला घेऊन आल्या. नात चौथीत. तिनं शहाण्णवावं पान उघडून बोट ठेवलं, “आजोबा, माह्या आजीच्या नावातला ऊकार चुकला. दुसरा पाह्यजे होता, पह्यला छापला.”

प्रुफं मी स्वतः तीनदा तपासली होती. कनूथसाहेबांचा हिशेब लावून मी खिशातून काढले तेवढे पैसे नातीच्या हातावर ठेवले. आजीनं ते परत करायला लावले आणि म्हणाल्या, “पैसे नको जी. नाव तेवढं नीट करा.”

म्हणून शुद्धिपत्र काढलं. बाकीच्या चुका कुणी दाखवल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या चिठ्ठीवर एकच ओळ होती. त्या ओळीत एकच नाव होतं, पूर्ण, दुसऱ्या ऊकारासह. छापण्याआधी पोट्ट्यानं फोन केला.

“काका, या पानावर तं ओळ एकटीच राह्यली. चालन काय?”

“चालेल,” मी म्हटलं. “राहू दे तिला ऐसपैस.”